तू भरलेली त्रेचाळीस काडतुसं

अवि,

डब्लिनच्या हॉस्पिटलमधून तुझ्या नावाचं पत्र आलंय. न्यूरॉलॉजीची अपॉइंटमेंट. बुधवारी सकाळी साडेनऊ. चालू औषधांची यादी सोबत आणा, येणार नसाल तर आधी कळवा म्हणजे ती वेळ दुसऱ्या पेशंटला देता येईल. पोस्टमन आला त्या दिवशी तुला जाऊन सतरा दिवस झाले होते.

ते मी दारातच उभ्याने वाचलं. मग स्वयंपाकघरात नेऊन वाचलं. मग गाडीची किल्ली घेतली आणि परत ठेवली. तेव्हापासून मी एका जागी धड बसलेली नाही. हे लिहितानाही चारदा उठलेय. एकदा गॅस बंद आहे का बघायला, बाकी तीनदा कशासाठी ते आठवत नाही.

सईला फोन केला. ती स्वोर्ड्सच्या घरून एअरपोर्टला ड्यूटीवर निघाली होती. "आई, इट्स जस्ट द सिस्टीम. दे डोन्ट नो येट," म्हणाली. मग थांबून, "पण व्हाय वॉज बाबा सीइंग अ न्यूरॉलॉजिस्ट?" मी म्हटलं, मलाही तेच विचारायचंय. तिने विश्वास ठेवला. ते अर्धंच खरं होतं.

कारण तुझा हात थरथरतो हे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते हे की तू डॉक्टरकडे जाऊन आलायस. पत्राच्या वरच्या कोपऱ्यात आपल्या डॉक्टरांनी तुला पुढे पाठवल्याची तारीख आहे. सप्टेंबरचा पहिला आठवडा. म्हणजे मी एक फोन केला होता, तो पुढे सांगते, त्याच्याही आधीची.

तुला यातलं बरंच माहीत आहे, तरी मला क्रमाने मांडू दे. डोक्यात सगळं एकाच वेळी बोलतंय.

छप्पन्नाव्या वर्षी तू एका शनिवारी प्लँटमधल्या कुणाबरोबर तरी नेमबाजीच्या क्लबात गेलास आणि संध्याकाळी एक कागद घेऊन आलास. कागदावर गोल, गोलात पाच भोकं. तो फ्रिजवर लावलास, सईच्या शाळेतल्या चित्रासारखा. मी म्हटलं, "आपल्या घरात आजवर कोणी उंदीरसुद्धा मारलेला नाही." तू म्हणालास, "कागद मारतोय गं मी." मी अट घातली: बंदूक या घरात येणार नाही. तू लगेच कबूल झालास. रायफल क्लबच्या तिजोरीत राहिली, आणि मी समजले की लॉकडाउनमधल्या तुझ्या पावासारखं हेही दोन महिन्यांत संपेल.

संपलं नाहीच. पुढच्या वर्षी तू नवीनच काढलंस. काडतुसं स्वतः भरायची.

तू मला टेबलावर साखरेचा डबा, चमचा आणि पेनाचं टोपण घेऊन समजावलंस. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उचलायची, घासूनपुसून साफ करायची, तळाशी नवी टिकली बसवायची. "दिवाळीत पिस्तुलात घालायचो ना, तसली, फक्त जरा शहाणी." मग काट्यावर मोजून दारू घालायची आणि वरून गोळी दाबून बसवायची. या देशात हे घरी करता येत नाही. खास परवानगी लागते, आणि तेही क्लबातल्या कुलूपबंद खोलीत, माहितगार माणसासमोर. म्हणून मी हरकत घेऊ नये, असं तुझं म्हणणं. मी हरकत घेतलीच.

आईला पुण्याला फोनवर सांगितलं. ती हळूच म्हणाली, "अगं, जावई शनिवारी दारू भरतात म्हणजे नक्की काय करतात?" तू बाजूलाच होतास. इतका हसलास की खुर्चीवरून उठून खिडकीशी जावं लागलं तुला. आणि वाढदिवसाला तुला प्रेस हवंय म्हणालास तेव्हा मी दुकानातून कपाटांची पुस्तिका घेऊन आले होते, कारण इथले लोक कपाटाला प्रेस म्हणतात, आणि वीस वर्षं काढल्यावर मलाही प्रेस म्हणजे कपाटच. तुला काडतुसं भरायचं, हातदांड्याचं ते यंत्र हवं होतं.

त्या वेळी तू एक वाक्य बोललास. तेव्हा मी भांडी लावत होते आणि नीट ऐकलं नाही, पण आता ते रोज आठवतं. "तीस वर्षं दुसऱ्यांनी बनवलेलं नापास करतोय, मेधा. पहिल्यांदा स्वतः काहीतरी बनवतोय." हृदयात घालायच्या त्या नळ्या तू भिंगाखाली धरायचास आणि केसाएवढा ओरखडा दिसला की पूर्ण खेप बाजूला काढायचास. प्लँटमध्ये तुझ्यावर वैतागणारे खूप होते, हे तू गेल्यावर घरी भेटायला आलेल्यांकडून मला आत्ता कळतंय. ते वैतागच प्रेमाने सांगत होते.

"एकदा ये तरी," तू म्हणायचास. मी मोजलं नाही, पण पाच-सहा वेळा तरी म्हणाला असशील. मला ऑफिसचं काम, मला सर्दी, मला ती जागा नको, बॉगमध्ये, त्या दलदलीच्या माळावर, वारा फार. खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटायची. बंदुकीची तितकी नाही, त्या पुडीतल्या दारूची. एक दिवस क्लबातून फोन येईल असं मी तीन वर्षं धरून चालले होते. शेवटी फोन आला तो तुझ्या प्लँटमधून, मंगळवारी, चहाच्या सुट्टीनंतर. हृदय. त्या शक्यतेकडे माझं लक्षच नव्हतं.

हाताचं मला गेल्या उन्हाळ्यात कळलं. फ्रिजवरची वाण्याची यादी तू लिहायचास. अक्षर लहान लहान होत चाललं होतं. "कोथिंबीर" सुरुवातीला मोठी आणि शेवटी मुंगीएवढी. मग शर्टाची वरची बटणं तू लावेनासा झालास. मग कपबशी वाजायला लागली. मी इंटरनेटवर वाचायला नको ते सगळं वाचलं आणि तुला म्हटलं, "डॉक्टरकडे जा."

"थंडी आहे गं."

"जुलै आहे, अवि."

"आयर्लंडचा जुलै."

आणखी एकदा, आवाज चढवून: "तू दारू मोजतोस त्या हाताने. चुकलं तर?"

"चुकलं तर मला कळेल. माझं कामच आहे ते."

"आणि बंदुकीच्या लायसन्सच्या फॉर्मवर तब्येतीचं विचारलेलं असतं, म्हणून तू जात नाहीयेस."

तू उठून बाहेर गेलास आणि एकदा कापलेलं गवत पुन्हा कापलंस. ते भांडण आपण पूर्ण केलंच नाही. त्यानंतर तो विषय आपल्या दोघांच्या मधे ठेवलेल्या ओल्या छत्रीसारखा पडून राहिला, दोघंही त्याला वळसा घालून चालत होतो.

मग मी ते केलं. सप्टेंबरात, बॉल्सब्रिजच्या ऑफिसातून, जेवणाच्या सुट्टीत, बाहेर फुटपाथवर येऊन. क्लबच्या कागदावर डोनलचा नंबर होता. तुझा डोनल, सुतारकाम शिकवणारा निवृत्त मास्तर, ज्याच्या ताब्यात ती कुलूपबंद खोली होती. तुझ्या तोंडून त्याचं नाव इतकं ऐकलं होतं की मी ओळख न देताच बोलायला लागले. सांगितलं, अविनाशचा हात थरथरतो. तो सांगणार नाही. त्याला भरू देऊ नका. आणि मी फोन केल्याचं त्याला सांगू नका.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "बरं केलंत फोन केलात. माझ्यावर सोडा."

मी तुझी चहाडी केली, अवि. सरळ शब्द तोच आहे. तुझ्या पाठीमागे, तुझ्या एकुलत्या एक आनंदाच्या ठिकाणी. आणि वर त्या शनिवारी तू थर्मास भरून नेहमीसारखा निघालास तेव्हा मला डोनलचा राग आला, की या माणसाने काहीच केलं नाही! पुढच्या शनिवारीही तू गेलास. त्याच्या पुढच्याही. मी खिडकीतून बघायचे, गाडी वळली की घरभर फिरत राहायचे, धुतलेले कपडे पुन्हा घड्या करायचे. तू परत यायचास, हाताला पितळेचा वास, आणि सांगायचास, "आज मजा आली." मी विचारायचे नाही. विचारलं असतं तर फोनचं बाहेर आलं असतं.

आणि तो सोमवार. तू गेलास त्याच्या आदल्या दिवशीचा. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "या शनिवारी जाऊ नकोस." तू चष्मा पुसत होतास. म्हणालास, "मी तिथे धोक्याचं काहीही करत नाही, मेधा."

मी म्हटलं, "खोटं बोलतोस तू."

तू चष्मा घातलास आणि माझ्याकडे पाहिलंस. नंतर आपण जेवलो, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवला, सकाळी तू "येतो" म्हणून गेलास. पण बोलणं असं जे म्हणतात ते तेवढंच. शेवटचं.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी डोनलला फोन करून तिथे गेले. तू इतकी वर्षं बोलावत होतास ती जागा. सपाट बॉग, वर भलंमोठं आभाळ, एक लांबट शेड आणि चिखलात चार गाड्या. सुंदर वगैरे काही नाही. मला वाटलं होतं तू एखाद्या भारी ठिकाणी जात असशील.

डोनल माझ्या कल्पनेपेक्षा बुटका निघाला. त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला, चहा ठेवला, मला ती खोली उघडून दिली. मी खुर्चीवर बसले नाही. उभ्यानेच पत्र त्याच्यापुढे धरलं आणि विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

त्याने पूर्ण वाचलं. म्हणाला, "हो."

मग त्याने सांगितलं ते मी आपल्या भाषेत लिहिते. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तू काट्याच्या ताटलीत दारू घेताना दोनदा सांडलीस. तिसऱ्यांदा ताटली खाली ठेवलीस. सगळं झाकलंस, पुसलंस, त्याच्याकडे जाऊन म्हणालास, "डोनल, आजपासून मी भरलेलं मी पास करणार नाही." त्या आठवड्यात तू आपल्या डॉक्टरांकडे गेलास. लायसन्सचं काय करायचं तेही तूच क्लबात विचारलंस आणि रायफल हातात घेणं थांबवलंस. माझा फोन त्याच्या दोन आठवड्यांनंतरचा.

"मग दर शनिवारी तो इथे काय करत होता?"

डोनलने भिंतीशी ठेवलेले डबे दाखवले. सगळ्या मेंबरांच्या वापरलेल्या पुंगळ्या. तू त्या घासायचास, भिंगाखाली धरायचास, लांबी मोजायचास, तडा गेलेली दिसली की चिमट्याने दाबून चपटी करून टाकायचास, कुणी चुकून परत वापरू नये म्हणून. "तुमच्या माणसाने पास केलेली पुंगळी असली की आम्ही डोळे मिटून भरायचो," तो म्हणाला. "अर्धा क्लब त्याच्यावर चिडायचा. फारच नापास करतो म्हणून." आणि हसला, आणि मग त्याला हसणं आवरेना, की दुसरं काही, त्याने तोंड वळवलं.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं त्याने?"

"पत्र आलं की सांगेन म्हणायचा. डॉक्टरांनी नाव दिलं की सांगेन. तोवर घरात तुम्ही त्याच्या हाताकडे बघत राहाल, असं त्याला वाटायचं."

मी बघतच होते की रे! जुलैपासून बघत होते.

"आणि तुम्ही?" मी त्याला म्हटलं. माझा आवाज चांगला नव्हता. "माझा फोन आला तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलायला काय झालं होतं?"

"त्याने सांगितलं होतं, तिला सांगू नकोस. तुम्ही म्हणालात, त्याला सांगू नका. मी दोघांचाही शब्द पाळला." तो चहाच्या कपाकडे बघत होता. "तेव्हा मला ते बरोबर वाटलं. आता रोज वाटतं, गाढवपणा केला."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण सत्तरीचा म्हातारा माणूस माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता आणि त्याने जे केलं तेच आपण दोघांनी केलं होतं. मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या. तुझा ॲप्रन खुंटीवर होता. तो मी हातात घेतला आणि तिथेच, डोनलला कळणार नाही अशा आपल्या भाषेत, तुझी माफी मागितली. "खोटं बोलत नव्हतास तू," असं चार-पाच वेळा म्हटलं. लगेच तुला शिव्याही दिल्या. तू खोटं बोलत नव्हतास, पण खरंही सांगितलं नव्हतंस, आणि दोन्हींत केवढा फरक आहे हे तुझ्यासारख्या माणसाला मी समजावून सांगायचं का? सहा महिने, अवि. सहा महिने मी शनिवारी घरभर फिरले. तू दोन शब्दांत ते थांबवू शकला असतास. मीही थांबवू शकले असते.

मग डोनलने तिजोरीतून एक डबा काढला. ऑगस्टच्या त्या शनिवारच्या आधी तू भरलेली, न झाडलेली काडतुसं. त्रेचाळीस. नियम असा की दुसऱ्याने भरलेलं काडतूस कोणीही झाडत नाही, मग भरणारा कितीही विश्वासाचा असो. ती सोडवून टाकावी लागतात. "मी करतो ते. तुम्हाला डबा बघायचा असेल म्हणून काढला," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मी करते. तुम्ही शिकवा."

कुठून आलं ते तोंडात, ठाऊक नाही. हात मोकळे ठेवणं शक्य नव्हतं, एवढंच. त्याने मला डोळ्यांवर लावायचा चष्मा दिला, आणि पोकळ हातोड्यासारखं एक प्लास्टिकचं अवजार. त्यात काडतूस अडकवायचं आणि लाकडाच्या ओंडक्यावर आपटायचं, की गोळी आणि दारू आत सुटून पडते. पहिल्या वेळी मी डोळे मिटून आपटलं. काही झालं नाही. डोनल म्हणाला, "जरा जोरात. तो घट्ट बसवायचा."

माझ्यासाठी त्याने तुझा काटाही मांडला. म्हणाला, सोडवलेली दारू मोजायची गरज नाही, पण हवी तर मोजा. मी मोजली. पहिलं काडतूस, आकडा बघितला. दुसरं, तोच आकडा. तिसरं, तोच. आता मी जे सांगणार आहे त्याची मला लाज वाटते: मला एक तरी चुकलेलं सापडायला हवं होतं. एक कमी, एक जास्त. म्हणजे माझा तो फोन, ती भीती, तो सोमवार, सगळ्याला निदान काहीतरी आधार मिळाला असता. मी दुपारभर आपटत आणि मोजत होते. माझा खांदा दुखायला लागला. डोनलने मधे सँडविच आणून ठेवलं, ते मी खाल्लं नाही. त्रेचाळिसावं मोजलं तेव्हाही काट्यावर तोच आकडा होता. तुझ्या थरथरत्या हातांनी, हात थरथरू लागल्यानंतरच्या आठवड्यांतही, तू एकसुद्धा चुकला नव्हतास. आणि चुकायची वेळ आली आहे हे तुला कोणाच्याही आधी कळलं होतं.

गोळ्या एका वाटीत, पुंगळ्या एका वाटीत, आणि दारू एका डब्यात जमली. करडे बारीक दाणे, मोहरीपेक्षा लहान. इतकी वर्षं मी जिला घाबरले ती एवढीशी.

"हिचं काय करायचं?"

"जाळायची. बाहेर, उघड्यावर."

पाऊस थांबला होता. शेडच्या मागे खडीचा मोकळा तुकडा आहे. डोनलने अर्धी दारू एका लांब रेघेत ओतली, मला मागे उभं राहायला सांगितलं आणि लांब दांडीच्या काडीने तिचं टोक पेटवलं. मी दोन्ही कान गच्च दाबले आणि खांदे वर घेतले.

आवाज झालाच नाही. पिवळी ज्योत रेघेवरून सरसरत गेली, लांब सुस्कारा टाकावा तशी, आणि टोकाला जाऊन विझली. खडीवर काळा पट्टा राहिला. थोडा धूर बॉगकडे गेला.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच," डोनल म्हणाला. "ठीक आहात ना?"

"नाही," मी म्हटलं. त्याने मान हलवली, उरलेल्या दारूची दुसरी रेघ ओतली, आणि काडेपेटी माझ्यापुढे धरली. वाऱ्याने पहिली काडी विझली. दुसरी मी तळहाताच्या आडोशाने धरली, वाकले आणि रेघेच्या टोकाला लावली.

या वेळी मी कान झाकले नाहीत.